मालक बाहेर, पुरावे आत

माझ्या गाडीला तिची चावी कुठे आहे हे कळतं, असं गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलंय. चावी डिकीत राहिली आणि डिकी लावली, तर गाडी पीं-पीं करते आणि डिकी आपोआप पुन्हा उघडते. गाडी नवी असताना मी हे मुद्दाम करून पाहिलं होतं. दर वेळी ती ओरडली होती. त्या दिवशी मात्र तिने हूं की चूं केलं नाही.

परगावी कामाला गेलो होतो. काम आटोपून पार्किंगमध्ये आलो, रिमोटवरचं डिकीचं बटण दाबलं, चावी बॅगेच्या पुढच्या कप्प्यात टाकली, बॅग डिकीत ठेवली आणि झाकण खाली ओढलं. ते बटण फक्त डिकी उघडतं, चारही दारं असतात तशी बंदच राहतात. पुढे येऊन दाराच्या हँडलला हात लावला. एरवी हात लागला की टक् असा आवाज येऊन दार उघडतं. आता काहीच नाही. पलीकडच्या दाराला गेलो, तिथेही तेच. परत डिकीकडे आलो, तिच्या खाचेतलं बटण दाबून पाहिलं. तेही मुकं.

पुढची काही मिनिटं मी गाडीभोवती नुसता फिरत होतो. कुलूप लागलेल्या दाराचं हँडल माणूस पुन्हा पुन्हा का ओढतो, याचं उत्तर माझ्याकडे नाही, पण ओढतो हे खरं.

झालं काय, ते नंतर समजलं. अशा गाडीच्या हँडलांत, केबिनमध्ये आणि डिकीत छोटे अँटेना बसवलेले असतात. ते साधारण १२५ किलोहर्ट्‌झवर चावीला हाक मारतात. ही हाक जेमतेम मीटर-दीड मीटरच पोचते, ती तेवढीच पोचावी अशीच योजना असते. चावीला ती ऐकू आली की चावी ४३३ मेगाहर्ट्‌झवर (काही देशांत ३१५ वर) आपलं सांकेतिक उत्तर पाठवते. माझ्या बॅगेत चावीला खेटून मोबाइल होता आणि मागे झोपवलेला, पण पूर्ण बंद न केलेला लॅपटॉप. त्या गोंगाटात आणि धातूच्या आडोशाला चावीला हाक ऐकूच गेली नाही. गाडीने विचारलं, उत्तर आलं नाही, म्हणून तिने ठरवलं की चावी मालकाबरोबर निघून गेली. हीच गोष्ट पुस्तकात बारीक अक्षरांत दिलेली आहे, आणि ते पुस्तक गाडीच्या पुढच्या कप्प्यात असतं.

पार्किंगचा रखवालदार आला. पहिला प्रश्न, ‘चावी आत कशी काय राहिली?’ त्यानंतर संध्याकाळपर्यंत जो कुणी आला त्याने हाच प्रश्न विचारला. माझं स्पष्ट मत आहे की या प्रश्नाने जगात आजवर एकही दार उघडलेलं नाही. पण विचारल्याशिवाय लोकांना पुढे मदतही करता येत नाही, त्यामुळे मी एक छोटं, दोन वाक्यांचं उत्तर तयार ठेवलं आणि प्रत्येकाला तेच दिलं.

फोन आत, पाकीट आत, चष्मा आत. शेजारच्या गाडीतून उतरलेल्या एका मुलीने ‘काका, घ्या, माझ्यावरून करा’ म्हणत फोन पुढे केला. आणि मग लक्षात आलं की मला पाठ असलेले नंबर तीनच: माझा स्वतःचा, बायकोचा, आणि आमच्या घरी पूर्वी असलेल्या, आता बंद झालेल्या लँडलाइनचा. नशीब, बायकोने अनोळखी नंबर उचलला.

‘दुसरी चावी घरी आहे, पण मी निघाले तरी पोचायला रात्र होईल,’ ती म्हणाली. तेवढ्यात तिलाच सुचलं, गाडीच्या कंपनीचं अ‍ॅप आहे की, त्यातून दार उघडता येतं. तिने बसल्या जागी अ‍ॅप उतरवून घेतलं, माझ्या नावाने लॉगिन केलं. अ‍ॅप म्हणालं, नोंदणी केलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवलाय.

मी डिकीला कान लावून उभा होतो. आत टिंग वाजलं.

‘आला,’ मी म्हणालो.

‘काय आहे?’

‘अगं, ऐकू आला. दिसणार कसा?’

यानंतर ती हसली की चिडली, हे मी इथे लिहीत नाही.

मग रोडसाइड असिस्टन्स. ही सेवा मी दरवर्षी विम्याबरोबर पैसे भरून घेतो. तिचा नंबर असलेलं स्टिकर गाडीच्या काचेवर आहे, फक्त ते आतून वाचायचं आहे. बाहेरून त्याची पांढरी पाठ दिसते. ज्याने हे स्टिकर बनवलं त्याच्या डोळ्यांसमोर बंद पडलेल्या गाडीत बसलेला माणूस असणार. बाहेर उभा असलेला माणूस त्याच्या कल्पनेत आलाच नाही. शेवटी बायकोने घरच्या फायलीतून पॉलिसी काढून नंबर सांगितला.

फोन लावला. आधी यंत्र बोललं, मग संगीत वाजलं, मग एक माणूस आला. बिचारा अतिशय नम्र होता. तेवढी नम्रता नसती तर मला निदान नीट भांडता तरी आलं असतं.

‘सर, तुमच्या रजिस्टर्ड नंबरवर आम्ही सहा आकडी कोड पाठवला आहे, तो सांगाल का?’

डिकीतून पुन्हा टिंग.

मी त्याला सगळी हकिकत सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, ‘समजलं सर. मग मी कोड पुन्हा पाठवतो.’

त्या दुपारी मला सगळ्यात जास्त वैताग कशाचा आला असेल तर तो याचा. दार बंद होतं त्याचं काय एवढं, दार आज ना उद्या उघडणारच होतं. पण मी या गाडीचा मालक आहे हे सांगणाऱ्या जेवढ्या वस्तू जगात आहेत, त्या सगळ्या मी त्या गाडीतच ठेवल्या होत्या, आणि जो तो त्यातलीच एखादी मागत होता. चावी मागणारी गाडी, कोड मागणारं अ‍ॅप, ओळखपत्र मागणारा रखवालदार. मी स्वतः, दोन पायांवर उभा असलेला, कुणाच्याच यादीत नव्हतो.

बऱ्याच घासाघिशीनंतर तो नम्र माणूस एका पर्यायापर्यंत आला: चासी नंबर सांगा. हा नंबर कागदपत्रांवर असतो तसा बहुतेक गाड्यांत पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातही असतो, बाहेरून वाचता येईल असा. मी वायपरच्या शेजारी डोकं टेकवलं, दोन्ही हातांनी सावली केली आणि चष्म्याशिवाय एकेक अक्षर वाचू लागलो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हा नंबर १७ अक्षरांचा ठरलेला आहे. मध्येच तो म्हणाला, ‘सर, हा ओ फॉर ऑरेंज, की झीरो?’ मी म्हटलं, गोल आहे. ‘बघून सांगा ना सर.’ ही अडचण ज्यांनी नंबर ठरवला त्यांनाही सुचली होती. चासी नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी घोटाळा होऊ नये म्हणून. गोल दिसलं की ते शून्यच. हे मला तेव्हा माहीत असतं तर मी झोकात सांगितलं असतं. त्यालाही माहीत नव्हतं, आणि त्याचं तर कामच ते होतं.

नंबर जुळला. माणूस पाठवतो म्हणाले.

वाट पाहण्याच्या वेळात आमच्याभोवती एक छोटी सभा भरली. बंद गाडी उघडण्याचा उपाय प्रत्येकाकडे असतो, आणि तो प्रत्येकाने कुठेतरी व्हिडिओत पाहिलेला असतो. एकाचा आग्रह होता की बायकोने घरी दुसरं रिमोट दाबावं आणि मी इकडे फोन दाराला लावून धरावा, आवाजाने दार उघडतं. त्याचं समाधान व्हावं म्हणून आम्ही तेही केलं. रिमोटमधून निघतात त्या रेडिओ लहरी, आणि फोनचा माइक ऐकतो तो आवाज. फोनवरून पलीकडून फक्त बटणाची टिक-टिक आली. दुसऱ्याने टेनिसचा चेंडू सांगितला: त्याला भोक पाडायचं, ते कुलपावर ठेवून जोरात दाबायचं, हवेच्या दाबाने सगळी दारं उघडतात. जुन्या काही मर्सिडीझ गाड्यांत सेंट्रल लॉकिंग खरंच हवेच्या पोकळीवर चालायचं, त्यामुळे ही कल्पना कुठून निघाली असेल याचा अंदाज येतो. पण आताच्या गाड्यांत प्रत्येक दारात छोटी विजेची मोटर असते, आणि किल्लीच्या भोकातून तिथपर्यंत जाणारी हवेची वाटच नसते. तिसऱ्याने बुटाची नाडी काढायला सांगितली. नाडीचा फास खिडकीच्या फटीतून सोडून कुलपाच्या खुंटीत अडकवायचा, हा उपाय खरा आहे, पण दारावर वर डोकावणारी, बोंडासारखं टोक असलेली खुंटी हवी. माझ्या गाडीत ती नाही. पोलादी पट्टी काचेच्या खाली घालून आतला दांडा ओढायची जुनी युक्तीही एकाने सुचवली. नव्या दारांत त्या जागी वायरिंग असतं, कधी एअरबॅगचा सेन्सर असतो, आणि दांड्याऐवजी आवरणात बंद केलेली केबल. दार उघडत नाही, आतलं काहीतरी तुटतं मात्र.

आणि अर्थात, वीट. ‘मागची ती छोटी तिकोनी काच फोडा, ती स्वस्त असते.’ हे इतक्या ठिकाणी ऐकलंय की खरंच वाटावं. प्रत्यक्षात ती काच बरेचदा रबरासकट जोडलेली, कमी खपणारी आणि बसवायला किचकट असते, त्यामुळे मोठ्या काचेपेक्षा तीच महाग पडू शकते.

एक मात्र इथे थांबून सांगतो. आत मूल असेल, किंवा कुत्रं-मांजर असेल, तर वरचं सगळं विसरा. उन्हात उभ्या बंद गाडीतलं तापमान पहिल्या १० मिनिटांतच साधारण १० अंश सेल्सिअसने वाढतं, आणि लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा फार लवकर तापतं. काच थोडी खाली ठेवल्यानेही फारसा फरक पडत नाही. अशा वेळी आपत्कालीन सेवेला फोन करायचा, आणि मूल मलूल दिसलं तर मुलापासून सगळ्यात लांबची बाजूची काच फोडायची. पुढची काच फोडायला जाऊ नये. तिच्यात दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असतो, ती तडकते पण वाट देत नाही. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत टेम्पर्ड असतात, त्यांचा चुरा होतो. घाव मध्यभागी घालू नये, कोपऱ्याजवळ घालावा, आणि विटेपेक्षा टोकदार कठीण वस्तू बरी. माझ्या गाडीत फक्त एक बॅग होती. तिला घाम फुटणार नव्हता.

माणूस आला तो मोटरसायकलवर, पाठीवर सॅक. वयाने पंचविशीतला. मी हुश्श केलं, पण त्याने सॅक उतरवली नाही.

‘गाडी तुमची?’

‘हो.’

‘कागद?’

‘आत.’

‘ओळखपत्र?’

‘आत.’

त्याने मान हलवली, जणू हेच अपेक्षित होतं. मग बायकोकडून पॉलिसीचा फोटो स्वतःच्या फोनवर मागवला, काचेतून चासी नंबर ताडून पाहिला, आणि म्हणाला, ‘गाडी या नावाच्या माणसाची आहे हे कळलं. तो माणूस तुम्हीच, हे नाही कळलं. बॅगेत काय काय आहे ते सांगा. पाकिटात कुठलं कार्ड कुठल्या खणात आहे तेही. मी दार उघडतो. कार्डावर तुमचा फोटो निघाला तर गाडी तुमची. नाही निघाला तर हे वॉचमनकाका आहेतच.’

मला तो एकदम आवडला. दिवसभरात माझ्यावर संशय घेणारे पुष्कळ भेटले होते, पण डोकं लावून संशय घेणारा हा पहिलाच. मी बॅगेतल्या सगळ्या वस्तू सांगितल्या, अगदी सुकलेल्या पेनासकट.

मग सॅक उघडली. आधी दाराच्या वरच्या कोपऱ्यात प्लास्टिकची पातळ पाचर, रंग खरवडू नये म्हणून खाली कापड. मग चपटी रबरी पिशवी त्या फटीत सरकवून हातपंपाने हळूहळू हवा भरली. दाराची चौकट बोटभर बाहेर आली. बघताना माझ्या पोटात गोळा आला, पण तो म्हणाला, हळू केलं तर पत्रा आपल्या जागी परत जातो, घाई केली तर नाही. फटीतून टोकाला रबर चढवलेली लांब सळई आत गेली, हेलकावे खात आतल्या हँडलपर्यंत पोचली, आणि त्याने ते ओढलं. हँडल आलं. दार हललं नाही. पुन्हा ओढलं. तेच.

‘डेडलॉक आहे,’ तो म्हणाला. मी सकाळी रिमोटने गाडी लॉक केली तेव्हा तिने आतली हँडलंही निकामी केली होती. काच फोडून हात आत घालणाऱ्या चोराला दार उघडता येऊ नये, यासाठी ही सोय. म्हणजे विटेवाल्याचं ऐकलं असतं तर काच गेली असती आणि दार बंदच राहिलं असतं. मी मागे वळून पाहिलं, विटेवाला निघून गेला होता.

हवा सोडली, पिशवी काढली. आता दुसरा रस्ता. चालकाच्या दाराच्या हँडलला शेवटी एक छोटं टोपण असतं. मला ते नुसती शोभा वाटायचं. त्याने खालून पातं घालून ते अलगद काढलं, तर मागे चक्क किल्लीचं भोक! गाडीची किंवा रिमोटची बॅटरी उतरली तर वापरायला ठेवलेलं, आणि त्याची किल्ली रिमोटच्याच पोटात दडवलेली असते. म्हणजे माझ्या बाबतीत डिकीत.

यापुढचं काम बघण्यासारखं होतं. त्याने एक किल्लीसारखंच दिसणारं अवजार आत घातलं, त्यावर बारीक रेघांची मोजपट्टी आणि एक हलती सुई. कुलपाच्या आत पितळी पट्ट्यांची रांग असते, प्रत्येक पट्टी ठरावीक खोलीला बसली की सिलिंडर फिरतो. सुईने तो एकेक पट्टी चाचपत होता, डोळे भलतीकडेच, सगळं लक्ष बोटांत. कुणीतरी मागून सल्ला द्यायला लागलं, त्याला मीच गप्प केलं. वेळ लागला, कारण पट्ट्या अवघड नसल्या तरी अडकलेल्या होत्या. ‘हे कुलूप गाडी घेतल्यापासून कधी फिरवलंय?’ त्याने विचारलं. कधीच नाही. धूळ आणि दमटपणाने ते आतून धरलं होतं. त्याने काहीतरी कोरडं वंगण फवारलं, थांबला, पुन्हा सुरू केलं. आणि मग ते फिरलं.

दार उघडलं आणि गाडीने बोंब ठोकली.

हे त्याने आधी सांगितलं होतं, तरी मी दचकलो. रिमोटशिवाय दार उघडणं म्हणजे गाडीच्या दृष्टीने चोरी, मग चारही दिवे चमकायला लागले आणि भोंगा सुरू. आता आतून डिकीचं बटण दाबावं तर अलार्म चालू असताना तेही बंद. तेव्हा मी मागच्या दाराने आत शिरलो, मागच्या सीटची पाठ आडवी पाडली, आणि त्या कर्कश आवाजात पोटावर सरपटत डिकीतली बॅग ओढली. स्वतःच्या गाडीत अशा अवस्थेत, फक्त पाय बाहेर, भर पार्किंगमध्ये. गाडीचे अलार्म कुणासाठी असतात, हा प्रश्न मला तेव्हा पडला. इतका वेळ गाडी शांत उभी होती तर दहा माणसं जमली होती. ती किंचाळायला लागल्यावर एकही नवा माणूस आला नाही.

चावी काढली, बटण दाबलं, शांतता. पाकिटातलं कार्ड त्याला दाखवलं. त्याने फोटो पाहिला, मला पाहिलं, ‘केस कमी झालेत’ एवढंच म्हणाला आणि कागदावर माझी सही घेतली.

निघताना त्याने एक गोष्ट सुचवली. रिमोटच्या पोटातल्या त्या साध्या किल्लीची नक्कल करून घ्यायची, बिनचिपची. तिने दार उघडतं, गाडी सुरू होत नाही, म्हणून ती हरवली तरी गाडी कुणी चालवत नेणार नाही. ती घरच्या किल्ल्यांच्या जुडग्यात किंवा सोबतच्या माणसाकडे ठेवायची. एखाद्या गाडीचा अलार्म वाजेल, वाजू दे.

घरी आल्यावर दुसरी चावी कपाटातून काढली. बायकोने त्या दुपारी वैतागून तिचं बटण इतकं दाबलं होतं की सेल संपायलाच आला होता. सेल सीआर २०३२ जातीचा, त्यातले २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर, त्यामुळे चुकीचा आणायची शक्यता नाही. तो बदलला. पोटातली किल्ली खटका दाबून बाहेर ओढली, टोपण काढून भोकात घातली. वंगण मारलेलं असूनही पहिल्यांदा अर्धीच फिरली. थोडी मागे-पुढे करत राहिलो, मग पूर्ण फिरली.

पुढच्या सर्व्हिसिंगला मी कामाच्या यादीत ‘दाराचं कुलूप किल्लीने फिरवून वंगण करणे’ असं लिहायला सांगितलं. काउंटरवरच्या माणसाने संगणकात बराच वेळ शोधलं. तसं काम त्यांच्या यादीत नव्हतं. शेवटी त्याने ते ‘इतर’मध्ये टाकलं आणि विचारलं, ‘सर, रिमोट चालत नाही का?’